गीतांजलीचा झेंडा

अमरावतीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये गीतांजली पहिल्यांदा आली तेव्हा मालक मनोजभाऊंनी "ह्या प्रोग्रॅमवाल्या मॅडम" एवढीच ओळख करून दिली आणि मला तिच्या टेबलापाशी प्लग बसवून द्यायला सांगितलं. मी पॅनलचं वायरिंग करतो. प्लग बसवणं हे माझं काम नव्हे, हे मी तेव्हाच तोंडावर सांगितलं, आणि मग बसवून दिला.

आम्ही संत्र्यांची प्रतवारी करणारी यंत्रं बनवतो. बागेतून आलेला माल पट्ट्यावर पडतो, धुतला जातो, त्याला मेणाचा हात लागतो, पुढे दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका डागी फळं वेचून काढतात आणि शेवटी यंत्र लहानमोठी फळं वेगळी करतं. सांगाडा वेल्डर जोडतो, तारा मी जोडतो आणि डोकं गीतांजली घालते. डोकं म्हणजे मसाल्याच्या डब्यात मावेल एवढा एक बोर्ड. त्यावर ती सी नावाच्या भाषेत लिहिते. लिहून झालं की भिंतीकडे तोंड करून स्वतःला वाचून दाखवते. सुरुवातीला वेल्डरला वाटलं, ती फोनवर कुणाशी तरी भांडते आहे.

ती अकोल्याची. वडील पंजाबराव शहराबाहेर थोड्या जमिनीत भाजी लावतात आणि जठारपेठेत दुकान मांडून विकतात. मेथी, पालक, वांगी, सणावाराला झेंडू. कॉलेजातली तिच्या सोबतची बहुतेक पोरं पुण्याला गेली. ही अमरावतीत राहिली. "पुण्याले काहून नाई गेल्या?" असं येणारा जाणारा प्रत्येक जण विचारतो, आणि ती सांगते, "तिकडं संत्री पिकत नाहीत." मला ते उत्तर पटलं होतं. पुढे एका शनिवारी अकोल्याच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा मिळाली तेव्हा कळलं, की रविवारी सकाळपासून दुकानावर ती बसते आणि बापाचे गुडघे तेवढा एक दिवस घरी राहतात. पुण्याहून हे जमलं नसतं. लोकांना ती तुसडी वाटते. मला वाटत नाही, कारण मी स्वतः तुसडा आहे.

एकदा डबे खाताना मी तिला विचारलं होतं, की त्या एवढ्याशा बोर्डात एवढं काय लिहायचं असतं. ती म्हणाली, त्यात तीन कामं एकाच वेळी चालतात आणि त्यांना थ्रेड म्हणतात. एक थ्रेड पट्टा चालवतो. दुसरा फळं मोजतो आणि तोलतो. तिसरा नुसता दोऱ्यांकडे लक्ष ठेवून बसतो.

दोऱ्यांचं सांगायला हवं. पट्ट्यापाशी जिथे जिथे बाई उभी राहते तिथे तिच्या डोक्यावर नायलॉनची एक दोरी लोंबते. काही अडकलं, काही झालं, की ओढायची. पट्टा अलगद थांबतो आणि कितव्या जागेवरची दोरी ओढली तो आकडा पडद्यावर येतो. लाल बटणही असतं, पण ते पॅनलवर, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. ते दाबलं की सगळं धाडकन बंद पडतं, फळं एकमेकांवर आदळतात आणि व्यापारी ओरडतो. म्हणून सगळ्यांचा भरवसा दोरीवर.

"मग दोरीवाला थ्रेड त्या पट्टेवाल्याले सांगते कसा?" मी विचारलं.

"झेंडा वर करते," ती म्हणाली.

झेंडा म्हणजे बोर्डाच्या आठवणीतली एक जागा. तिथे शून्य असलं तर झेंडा खाली, एक असला तर वर. दोरी ओढली की दोरीवाला तिथे एक लिहितो, सोडली की पुन्हा शून्य. पट्टेवाल्याचं काम गोल गोल चालतं, दर फेरीला तो तिकडे पाहतो, आणि वर दिसला की थांबतो.

"एवढंच?"

"एवढंच."

या एवढ्याशा झेंड्यानं पुढे एका म्हाताऱ्या बाईला खोटं पाडलं.

मोर्शीच्या पुढे चंद्रभानभाऊंची शेड आहे. ते संत्र्यांचे व्यापारी. माणूस वाईट नाही. अंगात पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा, आणि बोलण्याआधी तो दुपट्टा एकदा झटकायची सवय. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची, संत्री उतरू लागली तेव्हा आम्ही त्यांच्याकडे यंत्र बसवलं. त्याआधी अमरावतीत पट्ट्यावर बटाटे टाकून सगळं तपासलं होतं. दोरी ओढली की पट्टा थांबत होता.

पहिल्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, पट्टा सुरू झाला आणि चंद्रभानभाऊंचं लक्ष पडद्याकडे गेलं. तपासताना आपला पट्टेवाला जागा आहे की नाही हे दिसावं म्हणून गीतांजलीनं एक ओळ घातली होती. झेंड्याकडे पाहिलं की तो पडद्यावर म्हणायचा, "थांबू का?" दर फेरीला एकदा. म्हणजे पडद्यावर अखंड तेच.

"हे काय बोलून राह्यली मशीन?" चंद्रभानभाऊंनी दुपट्टा झटकला.

"झेंडा पाहून राह्यली, भाऊ. विचारून घेते," गीतांजली म्हणाली.

"सीझनच्या पह्यल्या दिवशी थांबू का? अवो, आमच्या घरात दुकान बंद केलं असं लेकरू बी म्हनत नाई. वाढवलं म्हनते. अन् हे दिवसभर थांबू का, थांबू का! काहाडा थे."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. जठारपेठेत पंजाबरावही संध्याकाळी दुकान वाढवतात. मी घरून निघताना जातो म्हणालो तर बायको पुन्हा आत बोलावून येतो म्हणायला लावते. गीतांजलीलाही ते पटलं. तिनं तिथेच खाली बसून ती ओळ काढली आणि प्रोग्रॅम पुन्हा भरला. दुसरी एक ओळ होती. पट्ट्यावर फळ नसलं की पडद्यावर यायचं, "माल टाका." ही चंद्रभानभाऊंना आवडली. ती राहिली.

मग रिकाम्या पट्ट्यावर त्यांनी स्वतः प्रत्येक दोरी ओढून पाहिली. प्रत्येक वेळी पट्टा थांबला. आम्ही पेढे खाऊन अमरावतीला आलो.

सीझन ऐन भरात असताना मनोजभाऊंना चंद्रभानभाऊंचा फोन आला. तक्रार नव्हती. यंत्र उत्तम आहे, फक्त तुमची माणसं पाठवा आणि ते उत्तम आहे हे माझ्या बायांसमोर त्यांच्या तोंडून वदवून घ्या, असं म्हणणं होतं. आम्ही दोघं गेलो.

झालं होतं ते असं. पट्ट्याच्या शेवटच्या जागेवर तानुबाई उभी राहते. साठीची असेल, नऊवारी लुगडं, बोलणं मोजकं. यंत्र नव्हतं तेव्हापासून ती माल निवडते आहे, आणि शेडमधल्या सगळ्या बायका तिनंच आपल्या मोहल्ल्यातून आणलेल्या. सकाळी ती टेम्पोत चढली की बाकीच्या चढतात. अमक्या शेडवर चला, तिथे पाणी आहे, बसायला जागा आहे, असं तिनं म्हटलं की त्या जातात. घरी दुसरं कुणी मिळवतं नाही. तिची सगळी कमाई म्हणजे तिच्या शब्दावर लोक उठून चालू लागतात, ही.

त्या दुपारी तिच्या लुगड्याचा पदर पट्ट्याच्या टोकाला फिरणाऱ्या रोलरमध्ये गेला. तानुबाईचं म्हणणं, तिनं दोरी ओढली आणि पट्टा थांबला नाही. पुन्हा ओढली, तरी थांबला नाही. शेजारच्या जमुनानं देठ कापायच्या कात्रीनं पदर कापला म्हणून ती सुटली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. कुणीतरी धावत जाऊन लाल बटण दाबलं तेव्हा पदराचा तुकडा पार आत गेला होता.

चंद्रभानभाऊ आले. आधी त्यांनी पट्ट्यावरची संत्री उतरवून घेतली, कारण चांगला माल. मग पट्टा चालू केला आणि तानुबाईच्या जागेवरची दोरी ओढली. थांबला. पुन्हा ओढली. थांबला. सगळ्या बायकांकडून एकेकदा ओढून घेतली. दर वेळी थांबला. तेव्हा ते म्हणाले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दोरी चांगली हाये. मावशीनं ओढलीच नाई. भेलं की मानूस कायबी सांगते."

तानुबाई म्हणाली, "म्या ओढली." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बाकीच्या बायका आल्या. ते महत्त्वाचं होतं. त्या तिच्याशिवाय टेम्पोत चढल्या.

आम्ही पोचलो तेव्हा गीतांजलीनं तेच केलं, जे सगळ्यांनी केलं होतं. पट्टा चालू केला, शेवटची दोरी ओढली. थांबला. पडद्यावर जागेचा आकडाही बरोबर आला. तिचा चेहरा निवळलेला मी पाहिला. आपलं लिहिलेलं बरोबर निघालं की माणसाला बरं वाटतं, त्याला ती तरी काय करणार. चंद्रभानभाऊ म्हणाले, "सांगा आता बायाईले." ती तोंड उघडणार होती. मग म्हणाली, "आधी मावशीला विचारून येते."

"तिले काय इचारता? थे ओढली म्हनते."

"हो, पण मी अजून ऐकलं नाही."

तानुबाईचं घर शेडपासून जवळच. आम्ही दारात उभे राहिलो तर तिनं बसा म्हटलं, पाणी दिलं आणि समोर बसून राहिली. मी तिच्या जागी असतो तर पाणी दिलं नसतं.

"मावशी, दोरी कोणत्या हातानं ओढली?" गीतांजलीनं विचारलं.

तानुबाईनं उजवा हात पुढे केला. बोटांच्या पेरांवरून आडवा लाल वळ गेला होता, नायलॉनची दोरी जोरात ओढली की जातो तसा. खपली धरू लागली होती. शेडमधल्या कुणीही तो हात पाहिला नव्हता, कारण सगळे दोरी पाहत होते. गीतांजली त्या हाताकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. ते तिनं लपवलं नाही. मी मात्र दुसरीकडे पाहिलं.

"तेव्हा पट्ट्यावर माल होता?" तिनं विचारलं.

"मंग! फुल माल व्हता. दुपारची गाडी खाली झाली व्हती."

"आणि भाऊंनी दोरी ओढून दाखवली तेव्हा?"

"तवा उतरवला की समदा."

गीतांजली उठलीच. शेडमध्ये आल्यावर म्हणाली, "भाऊ, पट्ट्यावर संत्री टाका आणि मग दोरी ओढू."

"चांगला माल खेयाले नाई वापरत आमी," चंद्रभानभाऊ म्हणाले.

शेडच्या मागे बायकांनी काढून टाकलेल्या डागी फळांचा ढीग होता. वास येत होता. ती गेली, ओढणी कमरेला खोचली आणि क्रेट भरू लागली. मग मलाही भरावं लागलं. प्लग बसवण्याइतकंही हे काम माझं नव्हतं. भरलेली क्रेट पट्ट्यावर ओतत राहायचं आणि पट्टा चालू ठेवायचा, असं आम्ही केलं. फळं वाहू लागली. बायका काम सोडून बघायला आल्या. गीतांजलीनं शेवटच्या जागेवरची दोरी ओढली.

पट्टा थांबला नाही.

तिनं दोरी तशीच ओढून धरली. डागी संत्री तिच्या समोरून एकामागून एक जात राहिली आणि टोकाला पडत राहिली. मी जाऊन लाल बटण दाबलं. मग जमुना म्हणाली, "बाप्पा!"

चंद्रभानभाऊंनी दुपट्टा दोनदा झटकला.

गीतांजली तिथेच एका उलट्या क्रेटवर लॅपटॉप घेऊन बसली. बराच वेळ ती स्वतःलाच वाचून दाखवत होती. कारण सापडलं तेव्हा तिनं मला बोलावून समजावलं, आणि ते असं होतं.

तिनं लिहिलेलं बोर्डाला कळेल अशा रूपात करून देणारा एक प्रोग्रॅम असतो, कंपायलर. तो हुशार असतो आणि हुशार लोकांसारखाच एकदा पाहिलेलं पुन्हा पाहायचा त्याला कंटाळा असतो. पट्टेवाल्याची फेरी त्यानं वाचली. या फेरीत झेंड्याला हात लावणारं कुणीच नाही, असं त्याला दिसलं. दोरीवाला म्हणून दुसरा एक थ्रेड बाहेर बसला आहे, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. मग दर फेरीला झेंड्याकडे काय पाहायचं? सुरुवातीला एकदा बघून घेऊ, खाली आहे एवढं लक्षात ठेवू, आणि पळत राहू. आता दोरी ओढा, झेंडा वर जातो, पण पट्टेवाला मान वर करत नाही.

"मग रिकामा असताना थांबते कसा?" मी विचारलं.

"रिकामा असला की त्याला माल टाका म्हणावं लागते. ते म्हणायला तो फेरी सोडून बाहेर जाते. बाहेर कोणी झेंडा बदलला असला तर? म्हणून परत आला की पुन्हा पाहून घेते. माल असला की बोलायचं काम नाही, म्हणून पाहायचं पण काम नाही."

"अन् आधी बटाटे टाकले तवा?"

"तेव्हा तो दर फेरीला थांबू का म्हणत होता, दादा."

चंद्रभानभाऊ मागे उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे म्या थे थांबू का काहाडाले लावलं, म्हनून?"

इथे गीतांजलीला गप्प बसता आलं असतं. मनोजभाऊंनी फोनवर तेच सांगितलं होतं, की गिऱ्हाइकासमोर आपलं काही काढू नका, नवीन प्रोग्रॅम टाकला म्हणा आणि या. ती म्हणाली, "नाही भाऊ. ओळ कुणीही काढली असती. झेंडा मी नीट बांधलाच नव्हता, त्या ओळीच्या टेक्यानं तो आतापर्यंत उभा होता. चूक माझी आहे."

मला तेव्हा तिचा राग आला. सांगायची गरज नव्हती असं वाटलं. आता वाटत नाही, पण तेव्हा वाटलं.

मग तिनं पुण्याला शिवमला फोन लावला. शिवम तिच्या वर्गात होता. त्यानं ऐकलं आणि जेवता जेवता सांगितलं, झेंड्याच्या आधी व्होलाटाइल असा शब्द लिही, मग कंपायलर दर वेळी बघतोच. तिनं लिहून पाहिलं. आम्ही पुन्हा डागी संत्री ओतली, दोरी ओढली आणि पट्टा थांबला. चंद्रभानभाऊंनी चहा मागवला. मी हत्यारं पिशवीत भरली. संध्याकाळची बस मिळाली असती.

"थांबा," ती म्हणाली.

"आता काय झालं? थांबला ना."

"रिकामा असताना पण थांबत होता."

तिचं म्हणणं असं, की व्होलाटाइल म्हणजे कंपायलरला दिलेली एवढीच ताकीद, की ही जागा दर वेळी खरोखर वाच. दोन थ्रेडमधल्या देवाणघेवाणीबद्दल तो शब्द काहीच कबूल करत नाही. दोरीवाला दोन गोष्टी लिहितो. कितव्या जागेची दोरी ओढली तो आकडा, आणि मग झेंडा. पण तिनं ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं पट्टेवाल्याला ते दिसेल, याची त्या बोर्डावर खात्री नाही. झेंडा आधी दिसला आणि आकडा मागाहून आला, तर पट्टा थांबेल, पण पडद्यावर जुना आकडा असेल. ओढली तानुबाईनं आणि नाव जमुनाचं.

"असं होईल?" मी विचारलं.

"बहुतेक नाही होणार."

"मंग?"

"एका बाईला खोटं पाडून झालं, दादा. दुसरीला नाही पाडायचं."

सी भाषेत याच कामासाठी एक वेगळी सोय आहे, आणि ती नंतर घातलेली आहे. ॲटॉमिक म्हणतात. झेंडा तसा बांधला की कंपायलरला सांगितलं जातं, या जागेला एकाहून अधिक थ्रेड हात लावतात, तू परस्पर काही ठरवू नको. वर आणखी एक वचन मागता येतं. दोरीवाल्यानं झेंडा वर करण्याआधी जे काही लिहिलं असेल, ते झेंडा पाहणाऱ्याला दिसलंच पाहिजे. म्हणजे आकडा आधी आणि झेंडा मग, आणि वाचणाऱ्यानं झेंडा आधी पाहायचा आणि आकडा मग. मी म्हटलं, कुलूपच का लावत नाही. ती म्हणाली, कुलूपही चालतं, त्यालाही थ्रेडमध्ये कुलूपच म्हणतात, पण एका झेंड्यासाठी नको. लिहायला तिला फार वेळ लागला नाही. वाचून दाखवायला लागला. बस गेली.

तिनं मला आणखी एक काम सांगितलं, की दोरीवरून एक वेगळी तार थेट मोटरच्या वीजपुरवठ्याला न्यायची, म्हणजे उद्या प्रोग्रॅम आडवा झाला तरी पट्टा बंद पडावा. ते सामान अमरावतीहून यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. चंद्रभानभाऊ म्हणाले, मावशीला उद्यापासून यायचा निरोप धाडतो. गीतांजली म्हणाली, आत्ता बोलवा, सगळ्या बाया असतानाच बोलवा. जमुना जाऊन घेऊन आली. तानुबाई पदर कमरेला घट्ट खोचून आली आणि आपल्या जागेपासून हातभर लांब उभी राहिली.

"मावशी, मशीनची चूक व्हती," चंद्रभानभाऊ म्हणाले. "आता दुरुस्त झाली. या तुमी कामावर."

"मशीनची नाही, माझी होती," गीतांजली म्हणाली.

तानुबाईनं दोघांकडे पाहिलं. "म्या ओढली व्हती का नाई, थे सांगा."

"आता चालते ना दोरी," चंद्रभानभाऊ म्हणाले. "मांगचं काहून काढता?"

"चालते?"

"चालते."

"मंग तुमचा दुपट्टा टाका रोलमंधी. मी दोरी ओढतो."

चंद्रभानभाऊ थोडं हसले, कारण हसण्याखेरीज काय करायचं ते सुचलं नसावं. मग त्यांनी गळ्यातून दुपट्टा काढला.

"काहाडू नका," तानुबाई म्हणाली. "गयातच राहू द्या. माह्यं लुगडं अंगावर व्हतं, हातात नोयतं."

चंद्रभानभाऊंच्या हातात दुपट्टा तसाच राहिला. ते पट्ट्याकडे बघत होते. पट्टा चालू होता, आज चांगला माल होता, आणि रोलर फिरत होता. त्यांना दोष देत नाही. मीही टाकला नसता, आणि तारा तर मीच जोडल्या होत्या.

गीतांजली पुढे झाली. तिची ओढणी गळ्यात होती. तिनं मला मान हलवून खूण केली. मी पॅनलपाशी जाऊन लाल बटणावर तळहात ठेवला. तिनं ओढणीचं टोक फळांमध्ये सोडलं.

"ओढा, मावशी," ती म्हणाली.

टोक संत्र्यांबरोबर सरकत गेलं आणि रोलरखाली शिरलं. ओढणी ताणली, तिची मान पुढे झाली. तानुबाईनं दोरी ओढली.

पट्टा थांबला. पडद्यावर तिच्या जागेचा आकडा आला.

माझा हात बटणावरून निघेना. तानुबाईनं एका हातानं दोरी धरूनच ठेवली, दुसऱ्या हातानं रोलर मागे फिरवून ओढणी सोडवली, काठ फाटला नाही ना ते पाहिलं आणि तिच्या खांद्यावर टाकली. मग ती बायकांकडे वळली. याच बायका तिला सोडून टेम्पोत चढल्या होत्या.

"म्या दोरी ओढली का नाई?"

"ओढली," जमुना म्हणाली. मग बाकीच्या म्हणाल्या.

चंद्रभानभाऊंकडे ती वळली नाही. त्यांना तिनं विचारलंही नाही. पट्टा उभा, माल उभा, बाहेर गाडी भरायची थांबलेली, आणि ती दोरी धरून नुसती उभी राहिली.

"ओढली व्हती, मावशी," चंद्रभानभाऊ म्हणाले. "त्या दिवशी बी ओढली व्हती."

तेव्हा तिनं दोरी सोडली.